पागडीची खोली

गिरगाव-दादरच्या चाळीतील पागडीची खोली ‘विकत’ घेणारा गृहस्थ वास्तविक घर घेत नाही. तो केवळ भाडेकरूचा हक्क घेतो. १९४७ च्या कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर जखडली, आणि भाड्यात न मिळणारे मोल पागडीच्या रूपाने हातोहात फिरू लागले. त्या काळी गुन्हा असलेली ही पागडी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वैध ठरविली. तथापि मालकाच्या संमतीवाचून हस्तांतर लंगडेच. रूढीने त्यास किमतीचा सुमारे तृतीयांश द्यावा लागतो. विकणाऱ्याने हिशेब मांडताना तो आधीच वजा धरावा. बँका अशा खोलीवर सहसा कर्ज देत नाहीत. म्हणून गिऱ्हाइके थोडी, आणि भाव मालकीच्या घराहून उतरता. पुनर्विकासाच्या आशेवर कोणी चढा भाव सांगितला, तरी भाडेपावती नव्या नावावर होणार की नाही, हे बयाणा देण्यापूर्वी मालकाकडून लेखी घ्यावे.