६१७४ : वजाबाकीतून भेटणारी संख्या

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. ते अंक उतरत्या क्रमाने लिहून मोठ्यात मोठी आणि चढत्या क्रमाने लिहून लहानात लहान संख्या बनवा. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करा. आपण २०२५ घेऊन पाहू.

५२२० − ०२२५ = ४९९५
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ७६४१ − १४६७ = ६१७४. म्हणजे पुढे तेच उत्तर येत राहणार. सुरुवात कुठूनही केली, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण इथेच पोचतो.

हा गुणधर्म देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी शोधला आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. त्यांच्याजवळ ना संशोधनाची पदवी होती, ना संगणक. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले.

वर्गात हा खेळ दिला की दहा-बारा उदाहरणांनंतर मुले म्हणतात, "नेहमी ६१७४च येतं!" इथेच आपण विचारायला हवे : कशावरून? अट पाळणाऱ्या संख्या ८९९१ आहेत. शंभर तपासल्या, तरी एकशे एकावी वेगळी निघणार नाही कशावरून?

उत्तर स्थानिक किमतीत आहे. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड मानू. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड आणि लहान १०००ड + १००क + १०ब + अ. त्यांची वजाबाकी :

९९९ (अ − ड) + ९० (ब − क)

म्हणजे उत्तर चार अंकांवर नव्हे, तर केवळ दोन फरकांवर ठरते. पहिला फरक १ ते ९ यांपैकी असतो. दुसरा ० पासून पहिल्या फरकाइतका असू शकतो. त्याहून मोठा नाही, कारण ब आणि क हे अ आणि ड यांच्या दरम्यानच असतात. तेव्हा एकूण जोड्या २ + ३ + … + १० = ५४. म्हणजे ८९९१ संख्या पहिल्याच पायरीत ५४ उत्तरांत गोळा होतात!

ही ५४ उत्तरे वर्गात वाटून द्या. प्रत्येकाने आपली संख्या ६१७४ पर्यंत नेली, की एका तासात संपूर्ण सिद्धता तयार. आधीच्या दहा उदाहरणांनी फक्त अंदाज बांधता आला होता. या ५४ नी मात्र शंकेला जागाच उरत नाही. हा फरक मुलांच्या हाताखालून जायला हवा.

एक सावधगिरी : २१११ − १११२ = ०९९९. इथला शून्य गाळला, तर पुढची वजाबाकी ९९९ − ९९९ होऊन गाडी शून्यावर अडते. शून्य ठेवून ९९९० − ०९९९ केले, की वाट सापडते.

घरी करायला तीन अंकी संख्या द्या. तिथे वजाबाकी ९९ (अ − क) असते, उत्तरे नऊच आणि मुक्काम ४९५. दोन अंकी संख्या मात्र ०९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात. असे का, हे मुलांनाच शोधू द्या.