ओढ्याकाठची दिवसभराची सहल

शालेय सहलीचा विचार निघाला म्हणजे दूरची प्रेक्षणीय स्थळे प्रथम डोळ्यांसमोर येतात. परंतु ज्या गावाजवळ नदी व वन आहे, तेथील शिक्षकास भूगोलाचा उत्तम पाठ गाडीभाडे न खर्चता देता येतो. अंबरनाथ तालुक्यातील जांभूळ हे असेच गाव होय. बारवी धरणातून सोडलेले पाणी नदीपात्राने वाहत येथवर येते आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध होऊन शहरांस व कारखान्यांस जाते. हे पाणी मुळात कोठून आले, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात उत्पन्न झाला, की सहलीस प्रयोजन लाभले.

मार्ग मात्र विचारपूर्वक निवडावा. धरणाखालील मुख्य पात्र सर्वथा टाळावे. तेथील पाणी गरजेप्रमाणे सोडले जाते. पावसाळ्यात जलाशयाची पातळी ७२.६० मीटर झाली, की धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. सहल डोंगरउतारावरील लहान ओढ्याच्या काठाने न्यावी व त्यासाठी वनखात्याची अनुमती आधी घ्यावी. डिसेंबर-जानेवारीचा काळ योग्य होय. पाणी ओसरलेले असते, तळ दिसतो आणि ऊनही सोसवते.

ओढ्याचे पाणी एकाएकी का वाढते, हे मुलांस अवश्य समजावून द्यावे. डोंगराच्या विस्तृत उतारावर पडलेला पाऊस एकाच अरुंद वाटेने खाली येतो. काळा कातळ पाणी फारसे शोषून घेत नाही. म्हणून माथ्यावर पाऊस पडला व पायथ्याशी ऊन असले, तरीही पूर येऊ शकतो. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा व काटक्या वाहून येऊ लागल्या अथवा वरच्या अंगास घोष ऐकू आला, तर सामान गोळा करीत न बसता तत्काळ उंच जागी जावे. उल्हास नदीच्या काठच्या गावांनी २६ जुलै २००५ चा पूर पाहिला आहे. जुलै २०१९ मध्ये याच नदीच्या पुरामुळे बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली व सुमारे १,०५० प्रवाशांस बाहेर काढावे लागले. नदीकाठी वाढणाऱ्या मुलास हे ज्ञान पोहण्याइतकेच आवश्यक आहे.

सहलीपूर्वी शिक्षकाने तीच वाट स्वतः एकदा चालून पाहावी. पाड्यावरील एखाद्या जाणत्या माणसास सोबत घ्यावे; ठाकूर व कातकरी समाजांतील वडीलधाऱ्यांस वनाची जी ओळख असते, ती पुस्तकात आढळत नाही. सहलीच्या दिवशी एक शिक्षक पुढे व एक मागे असावा आणि चालण्याची गती सर्वांत मंद चालणाऱ्या मुलाची असावी. दर थांब्यावर पटसंख्या मोजावी. या दिवसांत सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि झाडीत त्याही आधी अंधारते. यास्तव सकाळी साडेसातला निघून, इच्छित स्थळ आलेले नसले तरी, दुपारी बारा वाजता परत फिरावे. मुलांनी दगडांखाली अगर बिळात हात घालू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये व आवळून बांधू नये. रुग्णास निश्चल ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

वाटेत निरीक्षणास विषय पुष्कळ. पाण्यालगत जांभूळ, करंज व उंबर दिसतात; थोडे वर चढताच साग व ऐन सुरू होतात. कोणत्या झाडास किती ओल मानवते, हे अशा वेळी न सांगता कळते. गावाच्या नावाचेच झाड काठाशी उभे पाहून मुलांस विशेष आनंद होईल. हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर गोठून बनला. ओढ्याच्या वरच्या भागातील दगड धारदार, तर खालच्या भागातील गोल व गुळगुळीत असतात. दोन्ही हाती घेऊन पाहिले, की नदीचे झिजविण्याचे कार्य निराळे शिकवावे लागत नाही.

एक प्रयोग मुद्दाम करावा. काठावरील झाडांच्या फांद्यांत सुकलेले गवत व चिंध्या अडकलेल्या आढळतात. ती मागील पुराची खूण होय. दोरीने तिची पात्रापासूनची उंची मोजून ती मुलांच्या उंचीशी ताडून पाहावी. आज घोट्याएवढे असलेले पाणी पावसाळ्यात आपल्या डोक्यावरून गेले होते, हे ज्याने स्वतः मोजले, तो मुलगा श्रावणात पुराच्या पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी थांबेल.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात ओढ्याचा नकाशा काढून घ्यावा. ओढ्यापासून नदी, नदीपासून उल्हास व उल्हासपासून वसईची खाडी, असा पाण्याचा प्रवास त्यावर दाखवावा. पुराची खूण लाल रंगाने नोंदवून तो नकाशा शाळेच्या भिंतीवर लावावा आणि पावसाळा सुरू होताच त्याची उजळणी घ्यावी.