टकळीची पारख

हत्यार निवडावे कसे, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित समाजाने बहुधा सुतार-लोहारांच्या शहाणपणावर सोपवून दिलेला आहे. परंतु वर्धा जिल्ह्यात एक काळ असा होऊन गेला, की वीतभर लांबीची एक काडी आणि तिच्यात ओवलेली रुपयाएवढी चकती यांचे गुणदोष तपासण्यात तत्त्वचिंतकांनी, शिक्षणशास्त्रज्ञांनी आणि एका पोलिश अभियंत्यानेही आपली बुद्धी खर्ची घातली. ती काडी म्हणजे टकळी. तिच्याहून साधे यंत्र क्वचितच दाखविता येईल. आणि यंत्र जितके साधे तितकी त्याची निवड अधिक काटेकोर असावी लागते, कारण निवडीत राहिलेला दोष झाकून घेण्यास त्याच्यापाशी दुसरा कोणताही भाग नसतो.

टकळी या मुलखाला नवी नव्हती. जानव्याचे सूत घरच्या टकळीवर काढण्याचा शिरस्ता महाराष्ट्रात फार जुना आहे, आणि लोकर कातणारा धनगर कळपामागून चालता चालता हातातील टकळी फिरवीत असे. त्यातून वर्धा जिल्हा तर कापसाचाच. हिंगणघाटी कापसाला इंग्रजी अमदानीत व्यापारी जगात स्वतंत्र नाव होते, आणि हिंगणघाट व पुलगाव येथे कापडगिरण्याही उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी 1921 साली सत्याग्रहाश्रम चालविण्यासाठी विनोबा वर्ध्यास आले. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना येथेच झाली. जमनालाल बजाजांनी आपली बाग व बंगला त्या संघाच्या स्वाधीन केला आणि त्या जागेस मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले. हे मगनलाल म्हणजे चरख्याच्या शास्त्राचे पहिले पद्धतशीर अभ्यासक. अमेरिकेतून आलेल्या रिचर्ड ग्रेग यांच्यासह त्यांनी टकळीच्या शिक्षणावर इंग्रजीत एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली, ती 1926 साली प्रसिद्ध झाली. पुढे 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय खुले झाले, आणि ग्रामीण हत्यारे अभ्यासाच्या वस्तू म्हणून प्रतिष्ठेने मांडली गेली.

टकळीची निवड करताना पहिला विचार तिच्या रूपाचा करावयाचा नसून तंतूचा करावयाचा असतो. लोकरीचा तंतू लांब आणि लवचिक; त्यामुळे धनगराची टकळी धाग्यालाच लोंबकळत फिरू शकते आणि तिचे वजन धागा सहज पेलतो. कापसाचा तंतू त्या मानाने आखूड, आणि आपल्या देशी वाणांचा तर विशेषच आखूड. त्याला पुरेसा पीळ बसण्यापूर्वी टकळीचा भार त्याच्यावर पडला, तर धागा तुटलाच म्हणून समजावे. म्हणून कापसाची टकळी हलकी असावी, वेगाने फिरावी आणि तिचे खालचे टोक वाटीत किंवा गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर टेकलेले असावे, म्हणजे भार जमिनीने घ्यावा आणि धाग्याने केवळ पीळ घ्यावा. हा एक भेद ध्यानात आला, की पुढची सारी निवड त्यातून ओघानेच निष्पन्न होते.

काडीसाठी दोनच जिन्नस विचारात घेण्याजोगे आहेत, बांबू आणि लोखंड. बांबूची काडी कोणत्याही खेड्यात विनामूल्य मिळते, चाकूने तासता येते, मोडली तर हळहळ वाटत नाही, आणि तिच्या किंचित खरखरीत पृष्ठामुळे नवशिक्याची बोटे तिच्यावरून घसरत नाहीत. परंतु ती जाड ठेवावी लागते, पावसाळी हवेत ती वाकते, आणि पेर नीट घासले नाही तर सूत त्याच्यात अडकते. लोखंडी काडी बारीक असूनही ताठ राहते, आणि बारकाईचा लाभ मोठा आहे, कारण बोटांची तीच चिमटी जाड काडीला जेवढे फेरे देते त्यांच्या दुप्पट फेरे ती निम्म्या जाडीच्या काडीला देते. मात्र लोखंडाला गंज चढतो, गंजाचा डाग सुताला लागतो, आणि गंजलेल्या काडीवरून भरलेले सूत निघता निघत नाही. म्हणून श्रावण-भाद्रपदात लोखंडी टकळी कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावी आणि वापरण्यापूर्वी पुसून घ्यावी.

चकतीची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पितळेची चकती गंजत नाही, तिला अचूक गोलाई देता येते, आणि थोड्या आकारात पुरेसे वजन साधते. म्हणून बाजारी टकळीत लोखंडी काडी व पितळी चकती ही जोडी रूढ झाली. परंतु पाटीचा फुटका तुकडा, कवेलूची खापरी किंवा लाकडाची गोल चिपसुद्धा तेच काम करू शकते. अट एवढीच, की छिद्र अचूक मध्यावर पडावे. वजन अधिक असले की टकळी अधिक वेळ फिरत राहते, पण तिला गती देण्यास बोटांना अधिक जोर लागतो आणि बारीक सूत तो झटका सोशीत नाही. चकती रुंद असली तर फेरे संथ पण दीर्घकाळ चालतात; वजन तेवढेच ठेवून ती लहान केली तर फेरे जलद होतात आणि लवकर संपतात. जाड सुताला थोडा पीळ पुरतो, बारीक सुताला पुष्कळ लागतो. म्हणून जाड सुतासाठी रुंद व वजनदार चकती, आणि बारीक सुतासाठी लहान व हलकी चकती, हा नियम धरून चालावे.

टकळी विकत घेताना तिची परीक्षा दुकानातच करावी. ती वाटीत उभी धरून चिमटीने फिरवावी आणि वरच्या टोकाकडे पाहावे. टोक एका बिंदूवर स्थिर दिसले तर काडी सरळ आहे आणि चकती मध्यावर बसली आहे. टोकाने हवेत लहानसे वर्तुळ काढले तर यांपैकी एकात दोष आहे. दोष कशात, हे कळण्यासाठी काडी सपाट फळीवर आडवी लोळवावी: वाकडी काडी थबकत, उड्या घेत जाते, सरळ काडी निर्वेध जाते. मग वरच्या आकड्यातून कच्च्या सुताचा तुकडा ओढून पाहावा. आकड्याच्या धारेने तंतू उचकटले तर ती धार बारीक कानशीने मोडावी. शेवटी खालचे टोक तळव्यावर टेकवावे: ते अणकुचीदार असले तर वाटीत खड्डा पाडील, बोथट असले तर घर्षणात गती गमावील, निमुळते होऊन शेवटी किंचित गोलावलेले टोक सर्वोत्तम. एवढी रुजुवात करण्यास चार-पाच मिनिटे पुरतात, आणि पुढची कित्येक वर्षे त्या हत्याराविषयी तक्रार उरत नाही.

हवा आणि हात यांचाही विचार या निवडीत करावा लागतो. वर्ध्याचा वैशाख भाजून काढणारा असतो, आणि कापसाचा धागा ओलाव्याने बळकट होणारा व कोरडेपणाने दुबळा होणारा असल्यामुळे, ज्या टकळीवर पौषात अखंड सूत निघते तीच टकळी मे महिन्याच्या दुपारी पावलोपावली धागा तोडते. अशा वेळी टकळीला दोष न देता पहाटे कातावे, किंवा चकती हलकी घ्यावी. बोटांना घाम येत असेल तर चिमूटभर राख लावावी. लहान मुलांच्या हाती बारीक लोखंडी काडीपेक्षा बांबूचीच काडी द्यावी, कारण ती पकडीला भरीव लागते आणि तिची डागडुजी मूल स्वतः करू शकते.

आता प्रकारांकडे वळू. साधी टकळी खिशात मावते, पण तिची गती बोटांच्या एका झटक्यापुरती असते. ही उणीव भरून काढण्यासाठी भारतानंद यांनी धनुष तकली सिद्ध केली. भारतानंद म्हणजे मॉरिस फ्रिडमन. औंध संस्थानात राज्यकारभार लोकांच्या हाती सोपविण्याची जी घटना 1939 साली अंमलात आली, तिच्या घडणीतही या पोलिश अभियंत्याचा हात होता. त्यांच्या साधनात टकळी लहानशा बैठकीवर टेकते आणि धनुष्याची पट्टी तिच्यावरून ओढली की ती वेगाने फिरू लागते. चाकही नको, माळही नको, आणि सारे साहित्य खेड्यातले. बसून रोजचे कताईकाम करणाऱ्यास पेटीचरखा सोयीचा; त्याची सुधारणा गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात केली. दोन्ही हातांनी सूत काढावयाचे असेल तर पायाने चालणारा, प्रभुदास गांधींचा मगन चरखा. स्वातंत्र्योत्तर काळात तमिळनाडूच्या एकंबरनाथांचा अंबर चरखा आला, त्यात गिरणीच्या तत्त्वावर अनेक चात्या एकदम चालतात. आणि आज मगनवाडीतील महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेने सौर ऊर्जेवरील चरख्यापर्यंत मजल मारली आहे.

हत्यार मोठे केले म्हणजे प्रश्न सुटतो असे मात्र नाही. खादीचे काम पाहणाऱ्या अखिल भारत चरखा संघाने 1929 साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, आणि खेड्यातल्या माणसाला तो सहज चालविता यावा, अशा त्याच्या अटी होत्या. आपल्या किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र तेथे गेले, परंतु साऱ्या अटी एकत्र पुऱ्या करणारा चरखा कोणालाच करता आला नाही आणि ते पारितोषिक दिलेच गेले नाही. गती, स्वस्ताई आणि दुरुस्तीची सुलभता या तिन्ही गोष्टी एकाच यंत्रात बसविणे किती कठीण, याचा हा ढळढळीत दाखला आहे. ज्याला यांपैकी एक सोडावी लागणार आहे, त्याने कोणती सोडावयाची हे आधीच ठरवावे.

22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीच्या अहवालातून नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची पद्धत, जन्मास आली, तेव्हा तिच्या अभ्यासक्रमात कताईचा आरंभ चरख्यापासून न करता टकळीपासून केला होता, आणि तोही उजव्या व डाव्या अशा दोन्ही हातांनी. त्यामागे काटकसर होती हे खरे. पण त्याहून मोठे कारण असे, की टकळीवर काय बिघडले ते मुलाला डोळ्यांनी दिसते. सूत मोजावयाचे झाले तर चार फुटांची एक तार, अशा 160 तारांची एक लटी आणि चार लट्यांची म्हणजे 640 तारांची एक गुंडी. आणि 840 वारांच्या जितक्या लड्या एका पौंडात भरतील तो सुताचा अंक. एक मूल हलक्या चकतीवर कातते, दुसरे जड चकतीवर. दोघांच्या गुंड्या तराजूत घातल्या की कोणत्या हत्याराने कोणते सूत दिले ते अंकांतच उमटते. निवडीचा असा जमाखर्च ज्या मुलाने एकदा मांडला, त्याला पदार्थविज्ञानाचा आणि गणिताचा धडा निराळा द्यावा लागत नाही.

हाच न्याय सूत कातून झाल्यावर ते विणणाऱ्यांनाही लागू आहे. बाळंतविड्यासाठी झबले-टोपडे विणणाऱ्या भगिनी हल्ली दोन सुट्या सुयांऐवजी मध्ये दोरी असलेली गोल सुई पसंत करतात, कारण विणलेल्या कपड्याचे वजन मनगटांवर न येता मांडीवर उतरते आणि टोपडे शिवणीवाचून सलग गोल विणता येते. तेथेही प्रथम धाग्याकडे पाहावे. लोकर ताणली जाते व स्वतःच टाका धरून ठेवते, म्हणून तिच्यासाठी गुळगुळीत धातूची सुई वेगाला उपकारक. सुती धागा ताणत नाही, धातूवरून त्याचे टाके निसटतात, म्हणून त्याच्यासाठी, आणि विशेषतः नवशिक्या हातांसाठी, बांबूची किंवा लाकडी सुई बरी. दोरी मऊ असावी आणि तिची लांबी विणावयाच्या घेरापेक्षा कमीच असावी, नाहीतर टाके ताणले जातात. सुई व दोरी यांच्या सांध्यावरून नखाची कड फिरवावी. नख जेथे अडखळेल तेथे प्रत्येक टाका अडखळणार. अदलाबदलीच्या सुया अनेक मापांचे काम करणाऱ्यास किफायतशीर पडतात, पण त्यांचा आटा सैल होतो. एकाच मापाचे काम वारंवार करणाऱ्याने अखंड सुई घ्यावी.

यंदा घरातल्या मुलांच्या हाती काही नवे द्यावे असे ज्यांना वाटत असेल, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की त्यांनी दोन टकळ्या आणाव्यात: एक पितळी चकतीची विकतची, आणि एक बांबूची काडी व कवेलूचा तुकडा यांची घरी केलेली. दोन्हींसाठी एकाच कापसाचे पेळू, म्हणजे कातण्यासाठी वळलेल्या वाती, वापरावेत, दोन्हींचे सूत वेगवेगळे गुंडाळावे, आणि महिन्याअखेर त्यांची तोलून तुलना करावी. विकतची टकळी बहुधा अधिक सूत देईल. घरची टकळी ते अधिक का देते हे शिकवील. ज्याला दोन्हींचे मोल कळले, तो पुढे सुई घेवो, नांगर घेवो की यंत्र घेवो, दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहणार नाही. आणि आपल्या हत्याराविषयी स्वतः निर्णय करू शकणारा माणूस घडविणे, हाच वर्ध्यातल्या त्या साऱ्या खटाटोपाचा हेतू होता.