हरणांसाठी कुरण: पेरणी आणि निंदणी

पर्यावरण अभ्यास हा अभियांत्रिकीच्या सर्व शाखांना सक्तीचा विषय. बहुतेकजण तो पास होण्यापुरताच वाचतात. मागच्या सत्रात मात्र एकाने चांगला प्रश्न विचारला. त्याने अमेरिकेतला एक व्हिडिओ पाहिला होता. तिथला शिकारी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रानातला एक तुकडा नांगरतो, त्यात क्लोव्हर, ओट, सलगम असे काहीबाही पेरतो आणि पुढे त्या हिरव्या चाऱ्यावर आलेले हरीण टिपतो. "सर, आपल्याकडे असे करतात का?"

शिकारीसाठी नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या नीट वाचा. केवळ मारणे नव्हे, तर पकडणे, फासे लावणे, हाका घालणे आणि आमिष दाखवणे, हे सगळे त्या व्याख्येत येते. म्हणजे हरीण मारण्यासाठी चारा पेरून त्याला बोलावणे हीसुद्धा शिकारच. पण हरणासाठी गवत मात्र आपल्याकडे लावतात, तेही वनविभाग लावतो. फरक इतकाच, की इथे शिकारी वाघ असतो.

वाघाचे गणित आधी करू, कारण त्याशिवाय कुरण किती मोठे हवे ते कळत नाही. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी सुमारे 50 जनावरे लागतात. शिकारी प्राणी दरवर्षी भक्ष्याच्या साधारण दहावा हिस्सा उचलतात, असे वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी दाखवले आहे. म्हणजे एका वाघामागे 500 चितळे हवीत. आता चितळाचे सरासरी वजन 45 किलो धरा. रवंथ करणारा प्राणी रोज वजनाच्या सुमारे 2.5 टक्के सुका चारा खातो असे माना. एका चितळाला रोज 1.125 किलो, वर्षाला सुमारे 410 किलो आणि 500 चितळांना 205 टन. हेक्टरी 2 टन सुके गवत येते असे समजू. त्यातले निम्मे मुळे जगावीत आणि बी पडावे म्हणून सोडायचे. उरला हेक्टरी 1 टन. म्हणजे 205 हेक्टर, दोन चौरस किलोमीटरहून थोडे जास्त, तेही एका वाघासाठी.

हे आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत. चितळ गवताशिवाय पाने, फळे, मोहाची फुलेही खाते आणि भक्ष्यात सांबर, रानडुक्कर, गवा हेही असतात. शिवाय त्याच भक्ष्यावर बिबट्या आणि रानकुत्री यांचाही वाटा असतो. पण गणिताची दिशा चुकत नाही. त्या 205 हेक्टरांपैकी निम्म्यावर तण माजले, तर वाघाची निम्मी शिदोरी गेली. मग चितळ रानाच्या कडेच्या हरभऱ्यात उतरते, त्यामागे वाघ येतो आणि रात्री पिकाची राखण करणाऱ्या शेतकऱ्याच्या जिवावर बेतते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रात अशी कुरणे प्रामुख्याने पुनर्वसित गावांच्या जागी आहेत. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड. ताडोबा-अंधारीत नवेगाव, जामणी. माणसे उठून गेली आणि त्यांच्या शेतांवर गवत आले, असे पर्यटकाला वाटते. (ज्यांनी गाव सोडले त्यांच्या वाट्याला काय आले, हा वेगळा आणि मोठा धडा आहे.) प्रत्यक्षात सोडलेल्या शेतात आपोआप चांगले गवत येत नाही. जिथे वर्षानुवर्षे गुरे बसली, तिथे पहिल्या पावसात तरोटा येतो, मग रानतुळस, गाजरगवत. यातले काहीही चितळ सहसा तोंडात धरत नाही.

म्हणून कुरणाचे खरे काम निंदणीचे आहे. तरोटा फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटायचा. एक वर्ष नव्हे, लागोपाठ निदान तीन वर्षे, कारण मातीत आधीचे बी शिल्लक असते. एखादा पावसाळा चुकला की बी पुन्हा पडले आणि मोजणी पुन्हा शून्यापासून.

घाणेरीचे आणखी अवघड. मी राहतो त्या बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये कुंपणाकडेला तिची रंगीत फुले लोक हौसेने जोपासतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेचे झाड म्हणूनच भारतात आली. इथून काही तासांवरच्या बंदीपूरच्या जंगलात जा, तिने गवताची जागा कशी खाल्ली आहे ते दिसेल. वरून छाटली की ती जोमाने फुटते. खोड आणि मूळ जिथे जुळतात त्याच्या खाली घाव घालून बुंधा उपटावा आणि उलटा ठेवावा, म्हणजे तो पुन्हा मूळ धरत नाही. आणि मोकळ्या झालेल्या जागेत लगेच गवत आले पाहिजे, नाहीतर पक्ष्यांनी आणलेल्या बियांतून पुन्हा घाणेरीच.

गवताचे बी शक्यतो त्याच परिसरातले घ्यावे. मारवेल, शेडा, पवना, डोंगरी ही आपली गवते. पावसाळ्यानंतर पिकलेले बी गोळा करायचे, वाळवून ठेवायचे आणि पुढच्या जूनमध्ये टाकायचे. ते इतके हलके असते की वाऱ्याने उडते, म्हणून माती-शेणात कालवून गोळ्या करतात. किंवा रोपवाटिकेतून ठोंबे आणून लावतात. पहिल्या वर्षी कुंपण हवे. कोवळे गवत मूळ धरण्याआधीच चितळांनी ओरबाडले, तर सगळी मेहनत वाया.

क्लोव्हर किंवा ज्वारी पेरून काम लवकर होईल, असे कोणी विचारेल. होईल, एका हंगामापुरते. पिकाच्या त्या एका तुकड्यावर जनावरांची गर्दी होते, गर्दीतून लाळ्या-खुरकुतासारखे रोग पसरू शकतात आणि पीक संपले की जमीन पुन्हा उघडी. बहुवर्षायू गवत तिथेच राहते.

मात्र राहिले म्हणून ते खाण्याजोगे राहतेच असे नाही. फुलोऱ्यानंतर गवतातली प्रथिने घटतात, काड्या निबर होतात आणि चितळाला तर आखूड, कोवळी फूटच आवडते. त्यासाठी काही पट्टे कापतात आणि काही तसेच उंच ठेवतात. उंच गवतात हरणे पाडसे लपवतात, शिवाय पुढच्या वर्षीचे बीही तिथूनच मिळते.

स्वाध्याय: वरच्या गणितात हेक्टरी उत्पादन 2 टनांऐवजी 1.2 टन धरा आणि कुरणाचा 30 टक्के भाग तरोट्याखाली आहे असे माना. एका वाघासाठी आता एकूण किती हेक्टर कुरण लागेल?