अ‍ॅमॉक्सिसिलिन-ब्रोमहेक्सिन: खोकल्याची जोडगोळी

अ‍ॅमॉक्सिसिलिन हे जिवाणू मारणारे प्रतिजैविक आहे, तर ब्रोमहेक्सिन छातीतला चिकट कफ पातळ करते. अडुळशात वासिसिन नावाचे द्रव्य असते. ब्रोमहेक्सिन त्याच्याच धर्तीवर प्रयोगशाळेत घडवलेले. ही दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये घालून अनेक वर्षे विकली गेली. २ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने १४ संयुक्त औषधांवर बंदी घातली, त्यांत ही जोडगोळीही होती. अशा मिश्रणाला उपचारशास्त्राचा आधार नाही आणि त्यापासून धोका संभवतो, असे तज्ज्ञांचे मत पडले. बंदी मिश्रणावर आहे. दोन्ही औषधे सुटी मिळतात आणि गरजेप्रमाणे डॉक्टर ती लिहून देतात.

मिश्रणातला दोष परभणी जिल्ह्यातल्या हिवाळ्यात नीट कळतो. मराठवाड्यात कडाक्याच्या थंडीसाठी परभणीचे नाव आधी निघते. त्याच दिवसांत मानवत, सेलूकडचे जिनिंग जोरात असते. कोणाला विषाणूमुळे सर्दी-खोकला होतो, कोणाला कापसाच्या धुळीने, कोणाला चुलीच्या धुरानेही. यांपैकी कशावरही प्रतिजैविक चालत नाही, आणि नेमके तेच कफाच्या औषधासोबत पोटात जाते. पोटातले उपयुक्त जिवाणू त्याने मरतात, जुलाब लागतात, आणि जे जिवाणू तगतात ते पुढच्या खेपेस त्या औषधाला दाद देत नाहीत. खरोखर न्यूमोनिया झाला तरी अडचण राहतेच. प्रतिजैविकाचा कोर्स सहसा ५ ते ७ दिवसांत संपतो, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. एकाच कॅप्सूलमधले एक औषध थांबवून दुसरे चालू ठेवता येत नाही.

पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर अ‍ॅमॉक्सिसिलिन अजिबात घेऊ नये. हे डॉक्टरांना आधीच सांगावे. अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, दम लागला, तर पुढचा डोस न घेता तडक दवाखाना गाठावा. पोटात अल्सर असलेल्यांनी ब्रोमहेक्सिन विचारूनच घ्यावे. दोन वर्षांखालच्या मुलांना कफ पातळ करणारी औषधे स्वतःच्या मनाने देऊ नयेत. बाळांसाठी प्रतिजैविकाची पूड मिळते. ती उकळून गार केलेल्या पाण्यात, बाटलीवरच्या खुणेपर्यंतच कालवावी आणि लेबलवरची मुदत संपताच उरलेले औषध टाकून द्यावे. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्यांनाही हाच नियम लागू.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, सोबत ताप, वजनात घट किंवा थुंकीत रक्त दिसले, तर क्षयरोगाची शंका घ्यावी लागते. अ‍ॅमॉक्सिसिलिनने क्षय बरा होत नाही. त्यावर विसंबून राहिल्यास निदान लांबते आणि घरातल्या इतरांनाही लागण होते. थुंकीची तपासणी आणि क्षयावरचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.