झऱ्यापासून लांब खोदा

मुंबई-गोवा महामार्गाने सावर्डे सोडून दक्षिणेला निघालं की आरवली, तुरळ, राजवाडी अशी उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची, ओळ लागते. आरवलीचं पाणी ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, तुरळचं साठीच्या किंचित पुढे, तर उत्तरेकडे दापोली-खेडच्या बाजूला उन्हवऱ्याचं सत्तरच्या घरात. पालघरमधल्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात असे सुमारे अठरा समूह आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९९१ साली भूऔष्णिक ऊर्जेचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. पश्चिम किनाऱ्याबद्दलचा एक आकडा तेव्हापासून लेखांत आणि अहवालांत फिरतो आहे: दर किलोमीटर खोलीला तापमान ४७ ते ५९ अंशांनी वाढतं.

हे खरं धरलं, तर सावर्ड्याखाली तीन किलोमीटरवर पावणेदोनशे अंशांचा खडक असायला हवा. एवढ्या भांडवलावर कोणीही वीजकेंद्राचा आराखडा मांडेल.

घाटापलीकडे मात्र दुसरा आकडा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचं कोडं सोडवण्यासाठी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कोयना परिसरात खोल विंधनविवरं घेतली. कराडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली आणि २०१७ मध्ये तीन किलोमीटरचं पथदर्शी विवर पुरं झालं. बेसॉल्ट भेदून ते खालच्या ग्रॅनाइटमध्ये गेलं आहे. कोयनेच्या विवरांतल्या मोजमापांवरून सहा किलोमीटर खोलीवर सुमारे १३० ते १५० अंश तापमान असावं, असा अंदाज निघाला. म्हणजे किलोमीटरला वीसेक अंश, कोकणाच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी.

घाटाच्या दोन बाजूंना भूकवच अगदी सारखं नाही, हे मान्य. तरी एवढी तफावत त्याने भरून निघत नाही. माझ्या मते खरी मेख मोजण्याच्या जागेत आहे. उन्हाळ्यांजवळच्या उथळ बोअरमध्ये वर येणारं कढत पाणी आजूबाजूचा खडक तापवून ठेवतं. तिथल्या शे-दोनशे मीटरमधला तापमानाचा चढ तसाच खाली ओढत नेणं म्हणजे धुराड्याला हात लावून चुलीतली लाकडं मोजणं.

या पाण्याची जन्मकथा आता बरीचशी स्पष्ट आहे. समस्थानिकांच्या तपासणीत ते मुळात पावसाचं ठरतं. सह्याद्रीवर पडलेलं पाणी भेगांमधून खोल उतरतं, खडकाच्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि एखाद्या उभ्या भेगेतून झपाट्याने वर येतं. खाली जिवंत लाव्हारस असण्याची गरजच नाही. दख्खनचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. किलोमीटरला वीस अंश धरले तरी तुरळच्या तापमानासाठी पाणी पावणेदोन किलोमीटर उतरलं की पुरे. खालच्या साठ्याचं तापमान पाण्यात विरघळलेल्या सिलिकावरून आणि क्षारांच्या प्रमाणांवरून काढतात. ते शंभराच्या वर निघालं, तर वाट आणखी खोल गेलेली. मात्र दर वेगळ्या सूत्राने वेगळं उत्तर येतं, आणि वर येताना उथळ थंड पाणी मिसळलं की तीही उत्तरं डळमळतात. शेवटचा पुरावा बोअरच देतं, आणि ते झऱ्यापासून लांब घेतलेलं असावं लागतं.

सत्तर अंशांवर वीज होतच नाही असं नव्हे. अलास्कातल्या चेना इथे २००६ पासून सुमारे ७४ अंशांच्या पाण्यावर संच चालतो. कमी तापमानाला उकळणारा द्रव त्यात टर्बाइन फिरवतो. चेनाचं उदाहरण आपल्याकडे उत्साहाने दिलं जातं, पण त्याची दुसरी बाजू सांगायची राहते: तिथे वाफ थंड करायला चार अंशांचं पाणी हाताशी आहे. ७४ आणि ४ यांच्यामध्ये निसर्ग जास्तीत जास्त वीस टक्के उष्णतेचं काम करू देतो. उन्हवऱ्याचे ७० आणि कोकणातल्या ओढ्याचे २८ यांच्यामध्ये बाराच टक्के. यंत्रातले तोटे वजा जाता हाती पाचेक टक्के उरले तर नशीब. तेलंगणात मणुगुरूजवळ सिंगरेणी कोळसा कंपनीने उभारलेला अशा प्रकारचा प्रायोगिक संच २० किलोवॅटचा आहे. देशाची भूऔष्णिक क्षमता १०,६०० मेगावॅट असल्याचं सरकारी कागद सांगतात, तेव्हा हे वीस किलोवॅट शेजारी ठेवून पाहावेत.

उष्णता म्हणूनच वापरायची ठरवली, तर हिशेब उलटतो. सेकंदाला एक लिटर पाणी वीस अंशांनी निववलं की ८४ किलोवॅट उष्णता मिळते, रात्रंदिवस, पावसातसुद्धा. कोकणात हेच महत्त्वाचं. रातांबे पिकतात मे महिन्यात आणि मृग तोंडावर असतो. आमसुलं आगळात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवायची, तर ऊन दगा देतं. आंब्याच्या साठांचंही तेच. पन्नास-पंचावन्न अंशांची कोरडी हवा या कामाला पुरते. सावर्ड्याचा जुना धंदा काताचा, पण खैराचा गाभा शिजवायला उकळतं पाणी लागतं, झऱ्याचं पाणी फार तर त्याची सुरुवात करून देईल. तुरळहून तेवढ्यासाठी गरम पाण्याची नळवाहिनी आणणं परवडणार नाही. उष्णता फार लांब नेता येत नाही. वाळवणघर झऱ्याच्या गावातच बांधावं लागेल. सावर्ड्याच्या आसपास मांडकी-पालवण आणि खरवते-दहिवली इथे कृषी महाविद्यालयं आहेत. अशा वाळवणघराची चाचणी त्यांच्या आवाक्यातली वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय भूऔष्णिक धोरणात उष्णतेच्या अशा थेट वापरालाही जागा आहे.

खडकात दाबाने पाणी घुसवून कृत्रिम साठा तयार करण्याच्या कल्पनेपासून मात्र या भागाने दूर राहावं. २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलला त्यातून ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. कोयनेच्या कुशीत तो प्रयोग कोण करील?

क्रम लावायचा तर आधी सगळ्या कुंडांचं तापमान, प्रवाह आणि क्षार निदान वर्षभर, पावसाळ्यासकट नोंदवावेत. मग भेगा शोधणारं भूभौतिक सर्वेक्षण. त्यानंतर कुंडांपासून दूर चार-पाचशे मीटरची बारीक विवरं, आणि त्यांतला चढ आशादायक दिसला तरच खोल बोअर. वापरून निवलेलं पाणी पुन्हा जमिनीत सोडायची सोयही तेव्हाच आखावी, कारण ते खारट आहे आणि भातखाचरात गेलेलं चालणार नाही. यातला पहिला टप्पा सर्वांत स्वस्त. कुंडांत लोक अंघोळीला येतात, शेजारी देवळं आहेत. बोअर झाल्यावर कुंडाचं पाणी कमी झाल्याची तक्रार आली, तर आधीच्या वर्षाची नोंद नसताना ती खरी की खोटी हे ना गावाला सिद्ध करता येईल, ना कंपनीला.