कुंपणाचे खांब किती खोल पुरावेत?

पिकाच्या रक्षणासाठी काटेरी तारेचे अथवा जाळीचे कुंपण घालण्याकडे शेतकऱ्यांचा कल वाढत आहे. विदर्भात रानडुक्कर व रोही यांच्या उपद्रवामुळे अनेक गावी कुंपणावाचून तूर, हरभरा पदरात पडणे कठीण झाले आहे. तार विकत घेताना तिची जाडी, वजन व जस्ताचा मुलामा हे सर्व पाहिले जाते; परंतु खांब जमिनीत किती गेला इकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. मग पहिल्याच पावसाळ्यात खांब कलतात, तारा सैल पडतात आणि डुकरांना खालून वाट मिळते. दोष बहुधा तारेचा नसतो, खड्ड्याचा असतो.

खांब म्हणजे जमिनीत रोवलेली पहारच होय. ताणलेली तार किंवा अंग घासणारे जनावर त्यास वरून रेटते, तेव्हा त्याचा पुरलेला भाग मातीवर दाब देतो. पृष्ठभागालगतची माती भुसभुशीत असल्याने तिचा आधार थोडा असतो; खोल जावे तसा तो झपाट्याने वाढतो. म्हणून खड्डा अर्धा फूट अधिक खोल घेणे हे जाड खांब घेण्यापेक्षा पुष्कळदा अधिक फायद्याचे ठरते.

साधारणपणे खांबाच्या एकूण लांबीचा एक तृतीयांश भाग जमिनीत असावा. कुंपण साडेचार फूट उंच हवे असल्यास मुरमाड, घट्ट जमिनीत 2 फूट (60 सें.मी.) खोली पुरते व साडेसहा फुटांचा खांब चालतो. काळ्या जमिनीत अडीच फूट (75 सें.मी.) खोली धरून 7 फुटांचा खांब घ्यावा. कोपऱ्याच्या व फाटकाच्या खांबांवर तारेचा सर्व ताण येतो, त्यामुळे ते 3 फुटांहून (90 सें.मी.) कमी पुरू नयेत व त्यांस टेकू द्यावा. टेकू फार उभा दिल्यास तो खांबास वर उचलू पाहतो. त्याचा पाया खांबापासून पुरेसा दूर असावा. पैसे वाचविण्यासाठी सहा फुटी खांब घेऊन तो जेमतेम फूट-दीड फूट पुरण्याची रीत आढळते. ही काटकसर नव्हे.

काळ्या जमिनीचा स्वभाव विशेष ध्यानात घ्यावयास हवा. ती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते व तिला खोल भेगा पडतात. या हालचालीत उथळ खांब दरवर्षी थोडाथोडा सुटत जातो. अशा ठिकाणी खड्ड्यातून निघालेली काळी माती पुन्हा न भरता मुरूम व दगडगोटे भरावेत. भेगाळलेल्या जमिनीत वा भर पावसात हे काम काढू नये. पावसाळा संपून जमीन वाफशावर आली असता ते करावे. कोकणातील जांभ्याच्या कातळात मात्र खड्डा कोरून सिमेंटने पक्का बसविलेला खांब दीड फुटावरही ठाम उभा राहतो.

खड्डा अरुंद असावा आणि त्याच्या कडा उभ्या असाव्यात. कुदळीने खणताना तोंड रुंद व तळ निमुळता होतो, आणि खांबाभोवती सैल मातीचेच प्रमाण वाढते. खांब ओळंब्यात धरून सहा-सहा इंचांचा थर घालावा व प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकाने ठोकून बसवावा. सगळी माती एकदम लोटून वरून पायाने दाबणे निरुपयोगी आहे, कारण तळ पोकळच राहतो. शेवटी बुंध्याभोवती मातीचा उतार करावा, म्हणजे पाणी साचणार नाही.

लाकडी खांब कुजतो तो बहुतेक जमिनीच्या पातळीस, कारण तेथे ओल व हवा दोन्ही मिळतात. साल काढून, खांब चांगला वाळवून, पुरावयाच्या भागास व त्यावर अर्ध्या फुटापर्यंत डांबर लावावे. बुंधा नुसता जाळून काळा केल्याने वाळवीपासून भरवशाचे रक्षण होत नाही.

खांब एकदा उभा राहिला की त्याची खोली कोणासच दिसत नाही. काम नगावर दिले असेल तर खड्डे उथळ राहण्याचा संभव अधिक. याकरिता गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खड्डे भरण्यापूर्वीच मोजावेत, किंवा प्रत्येक खांबावर ठरलेल्या खोलीशी चुन्याची रेघ ओढण्यास शेतकऱ्यास सांगावे. रेघ जमिनीवर दिसली की खड्डा पुन्हा खणावा. सिमेंट वापरले असल्यास ते पुरते घट्ट होईपर्यंत काही दिवस पाणी मारावे व तोवर तार ओढू नये. तार ओढण्यापूर्वी प्रत्येक खांब माथ्याशी हाताने रेटून पाहावा. बुंध्याशी माती हलली, तर तो खांब पुन्हा ठोकून घ्यावा.